शीतलाटित पोलादी पत्र्यातील ॲल्युमिनियमचे कार्य : ऑक्सिजन-निरसन आणि त्यापुढे

प्रास्ताविक

मोटारीचे दार, धुलाईयंत्राचे आवरण, कार्यालयातील कपाट या साऱ्यांचा पत्रा थंड अवस्थेत लाटलेला असतो. असे पोलाद ॲल्युमिनियमने 'किल्ड' म्हणजे शांत का केलेले असते, याचे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत बहुधा एका परिच्छेदात उरकले जाते : ॲल्युमिनियम द्रव पोलादातील ऑक्सिजन शोषून घेते आणि बुडबुडे थांबतात. हे खरे आहे, परंतु पत्र्याच्या दृष्टीने ते निम्मेच आहे. ऑक्सिजन संपल्यावर उरलेले थोडेसे ॲल्युमिनियम नायट्रोजनाशी केव्हा आणि कोठे संयोग पावते, यावर पत्र्याची घडणक्षमता मुख्यतः अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचे विवेचन अधिक विस्ताराने केले आहे.

ऑक्सिजनचे निरसन

ऑक्सिजन फुंकून कार्बन जाळणाऱ्या भट्टीतून पोलाद बाहेर येते तेव्हा त्यात दर दशलक्ष भागांत कित्येकशे भाग ऑक्सिजन विरघळलेला असतो. घन लोहात त्याला जवळजवळ थारा नसतो. त्यामुळे पोलाद गोठताना हा ऑक्सिजन कार्बनशी संयोग पावतो आणि कार्बन मोनॉक्साइड उसळून बाहेर पडतो. पूर्वी पिंडांच्या ओतकामात या उसळीचा उपयोगच करून घेत असत. अशा 'रिमिंग' पोलादाच्या पिंडाभोवती जवळजवळ शुद्ध लोहाचा थर जमे आणि पत्र्याचा पृष्ठभाग अतिशय सुबक येई. किल्ड पिंडाच्या माथ्यावर मात्र आकुंचनाने पोकळी पडे व तेवढा भाग कापून टाकावा लागे. रिमिंग पोलाद दीर्घकाळ टिकून राहिले ते निव्वळ परंपरेमुळे नव्हे.

अखंड ओतकाम रूढ झाल्यावर चित्र बदलले. साच्यातून सतत सरकणाऱ्या पातळ कवचामागे वायू उसळत राहिला तर ओतकाम सुरक्षित राहत नाही. ऑक्सिजन ६०० भाग असेल तर एका टनात तो ६०० ग्रॅम भरतो आणि त्याला बांधण्यास हिशेबाने ६७५ ग्रॅम ॲल्युमिनियम लागते. हवा व धातुमळी यांत काही जळून जात असल्याने प्रत्यक्षात ते अधिक घालावे लागते. सिलिकॉनही हे काम करते, परंतु ते लोहात विरघळून पत्रा कठीण करते. मऊ पत्र्यासाठी म्हणूनच ॲल्युमिनियमची निवड होते.

या लाभाची किंमतही आहे. तयार होणारे ॲल्युमिना १६०० अंश सेल्सिअसच्या पोलादात घनच राहते. त्याचे कण ओतनळीत साचून ती तुंबवतात आणि पत्र्यात राहिल्यास पृष्ठभागावर रेघा उमटवतात. कॅल्शियम घालून त्यांचे द्रव ॲल्युमिनेटमध्ये रूपांतर करणे हा त्यावरील रूढ उपाय होय.

नायट्रोजन आणि पत्र्याचे 'वय'

अनुशीतन केलेला मऊ पत्रा ताणला असता तो पराभव बिंदूपाशी सर्वत्र एकदम न वाहता पट्ट्यापट्ट्यांनी वाहतो. दारासारख्या भागावर हे पट्टे रंगाखालूनही दिसतात. त्यामागील कारणाची मीमांसा कॉट्रेल व बिल्बी यांनी १९४९ मध्ये मांडली : कार्बन व नायट्रोजन यांचे सुटे अणू स्फटिकातील स्थानभ्रंशांभोवती गोळा होतात आणि त्यांना जखडून ठेवतात. पत्र्याला सुमारे एक टक्का हलके लाटण दिले की हा दोष जातो. तथापि रिमिंग पोलादात काही आठवड्यांत तो परततो, कारण नायट्रोजनाचे अणू नेहमीच्या तापमानालाही सरकत राहतात. गुंडाळीच्या भट्टीत पत्रा इतका सावकाश निवतो की कार्बन बहुतेक कार्बाइडच्या रूपात बाहेर पडतो. उरतो तो नायट्रोजन.

ॲल्युमिनियम त्याला नायट्राइडमध्ये बांधून टाकते. ५० भाग नायट्रोजनासाठी सुमारे ०.०१ टक्का ॲल्युमिनियम पुरते, व्यवहारात ०.०२ ते ०.०६ टक्के ठेवतात, जेणेकरून संयोग पूर्ण व वेळेत व्हावा. असा पत्रा गोदामात महिनोन्महिने राहिला तरी 'म्हातारा' होत नाही.

वेळेचे महत्त्व

सर्वांत सूक्ष्म लाभ स्फटिकांच्या मांडणीचा आहे. ताणलेल्या पट्टीच्या रुंदीतील विकृतीला जाडीतील विकृतीने भागले असता जो गुणांक येतो, तो लँकफर्ड व सहकाऱ्यांनी १९५० मध्ये घडणक्षमतेशी जोडला. गुणांक मोठा असेल तर पत्रा पातळ न होता खोल आकार घेतो. रिमिंग पोलादात तो १.० ते १.२ च्या आसपास असतो, तर ॲल्युमिनियम-किल्ड पोलादात १.५ ते १.८ पर्यंत जातो. याचे श्रेय नायट्राइडला आहे, पण ते योग्य क्षणी अवक्षेपित झाले तरच. उष्ण लाटणानंतर पत्रा सुमारे ६०० अंशांखाली गुंडाळून नायट्रोजन विरघळलेलाच ठेवावा लागतो. मग थंड लाटण होते व भट्टीत तापमान ताशी काही दशक अंशांनी चढते. नवे स्फटिक जन्मण्यापूर्वीच सूक्ष्म नायट्राइड तयार होऊन अडसर घालते. त्यातून चपट्या, भाकरीसारख्या पसरलेल्या स्फटिककणांची आणि (१११) प्रतले पत्र्याला समांतर असलेली रचना वाढते.

अखंड अनुशीतनात पत्रा काही मिनिटांतच भट्टीतून जातो. तेथे नायट्राइडला सवडच मिळत नाही. म्हणून त्याच रसायनाच्या पत्र्याला नेमकी उलट वागणूक द्यावी लागते : गुंडाळी ७०० अंशांच्या वर करून नायट्राइड आधीच तयार व जाडसर होऊ द्यायचे. यातही गुंडाळीची टोके मधल्या भागापेक्षा लवकर निवतात आणि तेथील पत्रा निराळा वागतो. दाबयंत्रावर एकाच गुंडाळीतील काही तुकडे फाटतात व काही फाटत नाहीत, त्याचे एक कारण येथे सापडते.

भारतीय मानक आयएस ५१३ च्या २००८ च्या आवृत्तीत 'सीआर ४' या प्रतीचे नाव अतिखोल कर्षणाचे, ॲल्युमिनियम-किल्ड, अजरणशील असे दिले आहे. 'सीआर ५' मध्ये टायटॅनियम वा नायोबियम हे काम अधिक कसोशीने करतात. मात्र त्या पोलादातही ऑक्सिजन आधी ॲल्युमिनियमनेच काढलेला असतो. रासायनिक पृथक्करणाच्या दाखल्यावरून ॲल्युमिनियमचे प्रमाण कळते, ते कोणत्या तापमानाला नायट्राइड झाले हे कळत नाही. त्यासाठी तीन दिशांनी कापलेल्या पट्ट्यांची ताण-चाचणीच घ्यावी लागते.