फ्लॅट ‘पीजी’ला देताय? आधी परवान्याचा आणि शेजाऱ्यांचा हिशोब मांडा

साठवलेल्या पैशांतून किंवा कर्ज काढून दुसरा फ्लॅट घेतला, की एजंटचा पहिला सल्ला ठरलेला असतो: “कुटुंबाला कशाला देता? पीजी करा, भाडं दीडपट.” हे ऐकून हप्त्याचे गणित मांडणारे खातेदार आम्हाला शाखेत नेहमी भेटतात. त्या गणितात शेजारी धरलेलेच नसतात.

उदाहरण घेऊ. कुटुंबाला दिल्यास दोन बेडरूमच्या फ्लॅटचे महिना २५,००० रुपये येतात असे समजा. पीजी केल्यास पाच खाटांचे प्रत्येकी ८,००० प्रमाणे ४०,००० रुपये. त्यातून वीज, पाणी, इंटरनेट, कामवाली बाई, किरकोळ दुरुस्ती मिळून ९,००० वजा करा. उरले ३१,०००. म्हणजे वर्षाला ७२,००० रुपये जास्त. पण एक खाट सतत रिकामी राहिली, तर हाती २३,००० येतात, कुटुंबाच्या भाड्यापेक्षाही कमी. आणि तक्रारीमुळे दोन महिने कुलूप लागले, तर वर्षाचे ३,१०,००० होतात. कुटुंबाकडून विनातक्रार ३,००,००० मिळाले असते. दहा हजारांसाठी एवढा व्याप! शिवाय बँकेचा हप्ता त्या दोन महिन्यांतही थांबत नाही.

तक्रारी कशाच्या असतात? पाण्याची टाकी लवकर रिकामी होणे, लिफ्टवरचा ताण, जिन्यात चपला, दुचाक्यांची गर्दी, रात्रीचा गोंगाट. शेजाऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही. चार माणसांसाठी केलेल्या सोयीवर तुम्ही जास्तीची माणसे आणलेली असतात. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत ‘रात्र’ धरली आहे, त्यामुळे आवाजाची तक्रार पोलिसांपर्यंत सहज जाते. आणि चौकशीला आलेला माणूस आवाजाबरोबर परवानाही विचारतो. बहुतेक मालक इथेच अडकतात.

नियम राज्याप्रमाणे आणि शहराप्रमाणे वेगळे आहेत. तमिळनाडूत महिला आणि मुलांची वसतिगृहे व निवासगृहे यांच्यासाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे. परवान्याशिवाय ती चालवता येत नाहीत. बंगळूरमध्ये तिथल्या तेव्हाच्या महानगरपालिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये पीजींसाठी सूचना काढल्या. राहणाऱ्या प्रत्येकामागे किमान ७० चौरस फूट जागा, रोज १३५ लिटर पाणी, सीसीटीव्ही, आणि स्वयंपाकघर असल्यास अन्नसुरक्षा परवाना, असे त्यात आहे. आता आपला फ्लॅट मोजा. दहा बाय बाराची बेडरूम म्हणजे १२० चौरस फूट. तिथे दोघांना १४० लागतात. म्हणजे एजंटने सांगितलेल्या पाच खाटा बहुतेक कागदावरच बसतात! पाच जणांना रोजचे ६७५ लिटर पाणी तुमची इमारत देऊ शकते का, हेही आधीच विचारा.

महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. गृहनिर्माण संस्था बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. “पीजी आहे म्हणून दुप्पट द्या” अशी मागणी आली तर भांडत बसू नका, लेखी हिशोब मागा. कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पावती संस्थेच्या कार्यालयात स्वतःहून नेऊन द्या. शेजारच्या काका-काकूंना तुमचा मोबाइल नंबर द्या. त्यांचा पहिला फोन तुम्हाला आला, तर दुसरा पालिकेत जाण्याची शक्यता बरीच कमी होते.

सगळ्यात दुर्लक्षित बाब अनामत रकमेची. पाच जणांचे दोन-दोन महिन्यांचे मिळून ८०,००० रुपये होतात. ते तुमचे उत्पन्न नाही, परत करायचे देणे आहे. पीजी अचानक बंद करावे लागले तर पाचही जण एकाच आठवड्यात ते मागतील. म्हणून ही रक्कम वेगळ्या बचत खात्यात किंवा मुदतीपूर्वी मोडता येईल अशा ठेवीत ठेवा; हप्त्यात किंवा रंगकामात घालू नका. गृहकर्ज चालू असेल तर कर्जकरारातील भाड्याने देण्याविषयीचे कलमही एकदा वाचून घ्या.

आणि तुमचा मुलगा किंवा मुलगी परगावी पीजीत राहणार असेल, तर हाच कागद उलट बाजूने वाचा. अनामत रक्कम रोख देऊ नका, खात्यातून पाठवा. परवाना पाहायला मागा. जागा बंद झाल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या.