नवा रस्ता, वाढलेला वेळ : ब्रेसचा विरोधाभास

• जर्मन गणिती डीट्रिश ब्रेस यांनी 1968 मध्ये मांडला. मूळ लेख जर्मन भाषेत; इंग्रजी भाषांतर थेट 2005 मध्ये.

• नेहमीचे उदाहरण : 4000 गाड्या, दोन मार्ग. प्रत्येक मार्गात एक अरुंद टप्पा (गाड्यांची संख्या भागिले 100, तेवढी मिनिटे) आणि एक रुंद टप्पा (कायम 45 मिनिटे). गाड्या निम्म्या-निम्म्या विभागतात. प्रवास 20 + 45 = 65 मिनिटे.

• आता दोन्ही अरुंद टप्पे जोडणारा पूल बांधला. तो ओलांडायला वेळ शून्य धरा. सगळे पुलाकडे वळतात : 40 + 40 = 80 मिनिटे. एकट्याने जुनी वाट धरली तर 85, म्हणून कोणीच मागे फिरत नाही. मुख्य म्हणजे गाडी एकही वाढलेली नसते.

• गल्लत नको : रस्ता वाढवल्यावर नवी वाहने येतात, ती ‘प्रेरित मागणी’.

• दर वेळी असे घडत नाही. वरच्याच उदाहरणात 3000 पेक्षा कमी गाड्या असतील तर पूल फायद्याचा. 9000 च्या पुढे त्यावर कोणी जातच नाही.

• 22 एप्रिल 1990, वसुंधरा दिन : न्यूयॉर्कचा 42वा रस्ता बंद ठेवला. मोठ्या कोंडीची भीती खरी ठरली नाही.