मनाच्या आरोग्यासाठी दहा मिनिटे : मानण्याची अट नाही

अचलपूर-परतवाड्याच्या वस्त्यांमध्ये आरोग्याविषयी बोलायला बसलो की साखर, बीपी, गुडघेदुखी यांवर लोक मोकळेपणाने बोलतात. मनाचा विषय निघाला की मात्र आवाज खाली जातो. झोप लागत नाही, छातीत धडधडते, घरात उगाच भांडण होते. संत्र्याचा तोडा संपला की हाताला काम नसते आणि डोक्यात एकच विचार फिरत राहतो. अशा वेळी विहारात थोडा वेळ शांत बसावे, असे आम्ही सुचवतो, तेव्हा दोन उत्तरे मिळतात. वयस्क मंडळी म्हणतात, "वंदना तर रोजच म्हनतो, पन मन काही लागत नाही." तरुण म्हणतात, "आमी कर्मकांड मानत नाही. डोये मिटून बसल्यानं घरात किराणा येते काय भाऊ?"

दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत. म्हणूनच या वेळी आरोग्य पानावर हा विषय घेतला आहे.

मानण्याची अट कोणी घातली?

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की, जो तो येऊन आपलेच मत खरे सांगतो, मग आम्ही कोणाचे ऐकावे? तथागतांनी त्यांना सांगितले की परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही स्वीकारू नका. स्वतः तपासा. हिताचे आहे असे अनुभवाला आले तर घ्या, अहिताचे दिसले तर सोडा. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला जो धम्म दिला, तोही ईश्वर आणि आत्मा यांच्यावर उभा नाही. मग मन तपासायच्या साधनासाठी अंधश्रद्धेची फी कशाला भरायची?

आनापान म्हणजे नाकावाटे आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास पाहणे. त्याला मंत्र, माळ, दिवा, प्रसाद काही लागत नाही. श्वासाला जात नाही आणि धर्मही नाही. वंदना पाठ नसलेला मुलगा, शेजारची मुस्लिम ताई, काहीच न मानणारा कॉलेजचा विद्यार्थी, सगळ्यांना ते सारखेच करता येते.

आपल्या महाराष्ट्रातच याचे मोठे उदाहरण आहे. सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशातले व्यापारी. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता. १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. नुसत्या डोकेदुखीसाठी ही विद्या नाही, असे सांगून त्यांनी आधी नकारच दिला. मन शुद्ध करण्याच्या हेतूने शिकायला आल्यावर शिकवले, पण धर्म बदलायला लावला नाही. गोयंका १९६९ साली भारतात आले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी केंद्र उभे राहिले. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिराला सर्व धर्मांचे लोक जातात. शिकवण्याची फी घेत नाहीत, शिबिर दानावर चालते. १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजारावर कैदी अशा एका शिबिराला बसले होते. आपल्या राज्यातल्या शाळांमध्ये 'मित्र उपक्रम' या नावाने मुलांना आनापान शिकवले गेले. तुमच्या घरच्या मुलाला विचारून पाहा, कदाचित तोच तुम्हाला शिकवील.

अमेरिकेत १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जुनाट दुखणी आणि ताण असलेल्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. त्याचे मूळ बौद्ध ध्यानात आहे, पण रुग्णाचा धर्म तिथे कोणी विचारत नाही. वारंवार नैराश्य येणाऱ्या रुग्णांसाठीही पुढे याच धर्तीचे वर्ग तयार झाले.

कसे करावे?

सकाळी नळाला पाणी येण्याआधी किंवा रात्री सगळे निजल्यावर दहा मिनिटे काढावीत. सतरंजीवर, खाटेवर, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसावे. पाठ सरळ ठेवावी, पण ताणू नये. श्वास मुद्दाम ओढायचा नाही, रोखायचाही नाही, फक्त पाहायचा. काही वेळाने श्वास आपोआप संथ होतो. बाहेर जाणारा श्वास लांबला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, हा शरीराचाच नियम आहे. त्यात चमत्कार नाही.

मन पळेल. उधारी, पोरीचे लग्न, मुकादमाचे बोलणे, सगळे आठवेल. मन पळाले म्हणजे आपल्याला जमत नाही, असे समजू नये. पळाले हे लक्षात येणे आणि परत श्वासावर येणे, हाच तर सराव आहे. बसवतच नसेल तर विहाराच्या आवारात सावकाश चालावे आणि प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यावे. आपल्या परंपरेत यालाच चंक्रमण म्हणतात.

रात्रीचा हिशेब

पंचशील आपण रोज म्हणतो. झोपण्यापूर्वी त्याचेच पाच प्रश्न करून स्वतःला विचारावेत. आज माझ्या हातून किंवा जिभेने कोणाला इजा झाली का? माझे नाही ते मी घेतले का? घरातल्या-बाहेरच्या बाईमाणसाशी, पुरुषाशी माझे वागणे नीट होते का? खोटे बोललो का? नशा केली का?

उत्तर कोणाला सांगायचे नाही, देवापुढे कबूल करायचे नाही. शिक्षा नाही आणि पापही नाही. किराणा दुकानदार रात्री वही पाहतो तसे पाहायचे. पोरावर हात उगारला असेल, तर तो राग पोराचा होता की दिवसभराच्या अपमानाचा, हे इथे कळू लागते. ते कळले की उद्या हात थोडा लवकर थांबतो.

पाचव्या प्रश्नाबद्दल एक सूचना. जो माणूस रोज भरपूर दारू पितो, त्याने एका दिवसात एकदम बंद केली तर हातपाय थरथरणे, भ्रम होणे, झटके येणे असे जिवावर बेतू शकते. संकल्प जरूर करावा, पण डॉक्टरांच्या देखरेखीत सोडावी.

शांत बसणे म्हणजे गप्प बसणे नव्हे

बाबासाहेबांनी संघर्ष करायला सांगितला आणि तुम्ही बसायला सांगता, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. बाबासाहेबांनी स्वतः रंगवलेल्या बुद्धाचे डोळे उघडे आहेत, हे आपण विसरू नये. मजुरी बुडवली, नाली तुंबली, कोणी जातीवरून बोलले तर येणारा राग हा आजार नाही. तो ध्यानाने विझवायचा नाही. ध्यानाने किराणा येत नाही, हे तरुणांचे म्हणणे खरेच आहे. पण रात्रभर झोप झालेला माणूस नगरपालिकेत अर्ज नीट लिहितो आणि साहेबासमोर मुद्द्यावर टिकून राहतो.

इथे थांबा, डॉक्टरकडे जा

शांत बसल्यावर काहींना जुने आघात आठवतात, घाबरे होते, रडू आवरत नाही. अशा वेळी डोळे उघडावेत, उठावे, कोणाशी बोलावे. जबरदस्ती करू नये. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी लांबलचक शिबिराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. बीपी, साखर किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या ध्यान सुरू केले म्हणून बंद करू नयेत.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, झोप-जेवण बिघडले असेल, कशातच मन लागत नसेल, कानात नसलेले आवाज येत असतील, तर अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. तिथून गरजेप्रमाणे अमरावतीला पाठवतात. भगताकडे, गंड्या-दोऱ्यात वेळ घालवू नये. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार कोणी बोलून दाखवला तर हसण्यावारी नेऊ नका, त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध घरात हाताशी ठेवू नका, कुलूपबंद ठेवा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. हा नंबर विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा.

वर्षावासात आषाढी ते अश्विन पौर्णिमा आपल्या विहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचन संपल्यावर लगेच उठून न जाता दहा मिनिटे सगळ्यांनी मिळून शांत बसावे, असे आम्ही सुचवतो. ज्याला वंदना म्हणायची नाही त्यालाही बोलवा, शेवटच्या दहा मिनिटांसाठी आला तरी चालेल. महिनाभर करून पाहा. झोपेत, रागात, घरच्या बोलण्यात फरक पडला तर पुढे चालू ठेवा. नाही पडला तर सोडून द्या, तोही तुमचा अधिकार आहे.

नमो बुद्धाय, जय भीम.