शाळेच्या प्रगतीचा हिशेब

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के जागा पालकांना दिल्या आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात असंही सांगितलं. शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा. त्यात प्रत्येक वर्षाचं नियोजन वेगळं. मात्र हा कायदा आठवीपाशी थांबतो. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद प्रशालांसारख्या सरकारी हायस्कुलांत नववी-दहावीसाठीची समिती कायद्यावर नाही, केंद्राच्या योजनेवर उभी आहे.

पैशांचं गणित पटावर. २०१८पासूनच्या याच समग्र शिक्षा योजनेत संयुक्त शाळा अनुदान १०१ ते २५० विद्यार्थ्यांच्या शाळेला वर्षाला ५० हजारांपर्यंत, २५१ ते १००० विद्यार्थ्यांच्या शाळेला ७५ हजारांपर्यंत. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. म्हणजे ३०० मुलांच्या शाळेला जेवढं, तेवढंच ९०० मुलांच्या! विजेचं बिल, मोडकी बाकं, प्रयोगशाळेचं सामान त्यातच. मग लोकवर्गणी : कुठे पत्रे, कुठे संगणक, कुठे बोअरची मोटार.

गावाच्या लेखी प्रगती म्हणजे दहावीचा निकाल. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्राच्या यू-डायस प्लस प्रणालीत मात्र पट, शौचालयं, वीज, संगणक सगळं भरावं लागतं. २०२२-२३पासून माहिती विद्यार्थीनिहाय. त्यामुळे आठवीनंतर गळालेली मुलगी नुसत्या बेरजेत लपत नाही, निदान कागदावर तरी.

समितीचं इतिवृत्त जरूर चाळावं. पहिला विषय ठरलेला, ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’. मुलींच्या शौचालयाला पाणी नाही, हे बहुधा ‘ऐनवेळच्या विषयां’त निघतं, आणि काढतात आयाच.