रेडिओ कुठे ऐकू येतो, कुठे येत नाही

श्रोतेहो, एक साधा प्रयोग करून पाहा. हातात मावेल असा लहानसा रेडिओ घ्या, कामठीच्या बाजारात उभे राहून त्यावर विविध भारती लावा, आणि तो तसाच चालू ठेवून कन्हान नदीकडे चालू लागा. वर रस्त्यावर गाणे स्वच्छ येईल. पायवाट उतरून दरडीच्या आड गेली, की त्यात कदाचित खरखर मिसळेल. आणि चार पावले बाजूला सरकलात, की पुन्हा गाणे सुरू. संच तोच, केंद्रही तेच; बदलली ती फक्त तुमची जागा. कोणत्या जागी लहर पोचते आणि कोणत्या जागी पोचत नाही, हे कागदावर कसे मांडतात आणि त्यात तुमचे-आमचे काम कोणते, एवढेच आज पाहायचे आहे.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. पुढे वर्षानुवर्षे विदर्भाने ते मध्यमलहरींवर, ५८५ किलोहर्ट्झवर ऐकले. या लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते, टेकडीला वळसा घालते आणि दूरवर जाते. ओलसर काळी जमीन तिला मानवते, कोरडा खडक तिची शक्ती लवकर खातो. रात्री आकाशातील उंच विद्युत्‌भारित थर मध्यमलहरींना आरशासारखे परत खाली धाडतात. म्हणूनच १९८८ साली सुरू झालेली आणि पुढे बंद पडलेली राष्ट्रीय वाहिनी नागपूरजवळच्या १००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून रात्री देशभर ऐकू जात असे. पण याच कारणाने रात्री परप्रांतीचे एखादे केंद्रही आपल्या केंद्राच्या अंगावर येऊन बसते, हेही तुम्ही अनुभवले असेल.

एफएमची तऱ्हा वेगळी. तिची लहर जेमतेम ३ मीटरची. आवाज गोड, विजेच्या कडकडाटाचा त्रास कमी. पण चाल बहुतेक सरळ रेषेत. अंगणात कंदील टांगला, की कडब्याच्या गंजीमागे सावली पडते ना? तशीच एफएमची सावली टेकडीमागे आणि खोलगट भागात पडते. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरानंतर जमीनच आड येते. त्याचा हिशोब शाळेतल्या मुलांनाही जमेल : मनोऱ्याच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. मनोरा १०० मीटरचा असेल, तर वर्गमूळ १० आणि अंतर ४१ किलोमीटर. ऐकणाऱ्याच्या एरियलच्या उंचीचा असाच हिशोब करून तो त्यात मिळवायचा.

आता खरी गोम इथेच आहे. नकाशा काढताना ऐकणाऱ्याचे एरियल जमिनीपासून १० मीटर उंच आहे असे धरण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. म्हणजे ४१ मध्ये आणखी १३ मिळून ५४ किलोमीटर झाले. पण आपल्यापैकी किती जणांच्या घरावर तेवढ्या उंचीचे एरियल आहे? आपला रेडिओ कोनाड्यात किंवा बाजेवर, फार तर दीड मीटरवर. त्याचा हिशोब ४६ किलोमीटरच निघतो. मधला ८ किलोमीटरचा पट्टा नकाशात आत आणि घरात बाहेर! शिवाय १० मीटरवरून दीड मीटरवर आले, की लहरीचा जोरही साधारण एक तृतीयांशावर उतरतो. घराची भिंत त्यातले आणखी काही घेते.

हा जोर यंत्राने मोजता येतो. एफएमच्या स्टीरिओ ग्रहणासाठी ग्रामीण भागात मीटरला ५०० मायक्रोव्होल्ट, शहरात २००० आणि मोठ्या शहरात ५००० इतका जोर हवा, असे प्रमाण ठरलेले आहे. शहरात मोटारी आणि विजेची यंत्रे यांचा गोंगाट जास्त, म्हणून तिथे लहरही जोरकस लागते. यंत्र गाडीत घालून प्रक्षेपकापासून आठ दिशांना जायचे, ठरावीक अंतरावर मोजायचे आणि सारख्या आकड्यांची ठिकाणे रेषेने जोडायची. जी आकृती निघते ती क्वचितच गोल असते. नागपूरहून उत्तरेला मनसर-रामटेकच्या टेकड्या, त्यापुढे सातपुड्याची चढण. तिकडे रेषा आत दबेल. दक्षिणेच्या सपाटीवर ती फुगेल.

प्रक्षेपक एक नसतो. विदर्भात नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ, अकोला अशी आकाशवाणीची केंद्रे आहेत. २८ एप्रिल २०२३ रोजी देशात १०० वॉटचे ९१ लहान एफएम प्रक्षेपक एकदम सुरू झाले. प्रत्येकाची आकृती वेगळ्या पारदर्शक कागदावर काढा आणि सारे कागद एकावर एक ठेवा. प्रत्येक गावासाठी सर्वांत जोरकस लहर कोणाची, तेवढेच पाहा. तीही प्रमाणाला उतरत नसेल, तर ते गाव रिकाम्या जागेत आहे. दोन अर्ध्या भाकरींनी एका माणसाचे पोट भरेल, पण दोन दुबळ्या लहरी मिळून एक चांगली लहर होत नाही. त्या वेगवेगळ्या ठिकाणी लागत असतील, तर संच एका वेळी एकच घेतो. एकाच ठिकाणी लागत असतील आणि जोर सारखा असेल, तर दोघी एकमेकींना बिघडवतात.

तुम्ही म्हणाल, दोन-चार वाड्या सुटल्या तर एवढे काय बिघडले? देशातील ९९ टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत आकाशवाणी पोचते, असे अनेक वर्षे सांगितले जाई. पण उरलेले कोण, हे टक्केवारी सांगत नाही. कामठीजवळ कन्हान, पेंच आणि कोलार यांचा संगम आहे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्यप्रदेशात जोराचा पाऊस झाला, पेंच प्रकल्पाचे दरवाजे उघडावे लागले आणि कन्हानकाठच्या गावांत पाणी शिरले. अशा वेळी वीज जाते. मोबाईलच्या मनोऱ्याची बॅटरीही काही तासांची. सेलवर चालणारा रेडिओ तेवढा उरतो. आणि पाहा, पूर प्रथम शिरतो तो खोलगट वस्तीत; एफएमची सावलीही खोलगट वस्तीतच पडते. ज्याला इशारा आधी मिळायला हवा, त्याच्याच घरी खरखर. एफएमवर भिस्त वाढत चालली असताना ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. सातवी-आठवीच्या मुलांकडून आपल्या गावाचा नकाशा काढून घ्या. प्रत्येक वाडीत एकच संच न्या. सकाळी, दुपारी आणि रात्री, घरात आणि अंगणात तेच केंद्र लावा आणि ५ पैकी गुण द्या : अगदी स्वच्छ असेल तर ५, शब्द कळत नसतील तर १. संचाची शंका आली, तर तोच संच चांगल्या जागी नेऊन पडताळून पाहा. कोराडी-खापरखेड्याकडून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारांखाली मध्यमलहर मोजू नका. तिथला गुरगुराट तारांचा असतो. घराचा जोता नदीपासून किती उंच, तेही मुलांना लिहू द्या.

हा कागद आकाशवाणी केंद्राला आणि ग्रामपंचायतीला पाठवा. ज्या घरांना १ किंवा २ गुण मिळाले, तिथे निरोप कोणी आणि कसा न्यायचा, हे पावसाळ्यापूर्वी ठरवून ठेवा. मोठा नकाशा यंत्राने आणि गणिताने होतो. पण त्यातल्या बारीक रिकाम्या जागा कानानेच सापडतात, आणि ते कान तुमच्या शाळेत आहेत.