छप्पर उचलणारे घर

व्हॅनमध्ये झोपण्याची व स्वयंपाकाची सोय केली, की चाकांवरचे छोटेसे घर तयार होते. पण या घरात ताठ उभे कसे राहायचे?

१९४७ मध्ये बेन पॉन या डच व्यापाऱ्याने वहीत एका व्हॅनचे चित्र काढले: चालक पुढे, इंजिन मागे, मध्ये सामान. १९५० पासून जर्मनीत फोक्सवॅगनच्या कारखान्यात अशी व्हॅन तयार होऊ लागली. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसवता व काढता येणारे फर्निचर बनवले. एरवी मालाची गाडी, सुटीत घर!

व्हॅनची उंची मात्र सुमारे १.९ मीटर, आत वाकूनच वावरावे लागे. छप्पर कायमचे उंच केले तर? गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. समोरचे क्षेत्रफळ वाढल्याने हवेचा विरोधही वाढतो. शिवाय वेग दुप्पट झाला, की हा विरोध सुमारे चौपट होतो. अवघ्या २५ अश्वशक्तीच्या इंजिनाला ते कसे झेपावे?

१९५० च्या दशकात इंग्लंडमधील मार्टिन वॉल्टर कंपनीने आपल्या ‘डॉर्मोबाइल’ गाडीला बिजागरीवर उचलले जाणारे छप्पर बसवले. त्याखाली कापडी भिंत. धावताना गाडी बुटकी, थांबली की उंच!

आता एक प्रयोग करा. फळीवर एक काडेपेटी आडवी व दुसरी उभी ठेवा. फळी हळूहळू तिरपी करा. आधी कोणती कोलमडते? गाडी सुरू करण्यापूर्वी छप्पर का मिटायचे, ते तुम्हांला लगेच कळेल.