भांगेचे औषध होताना

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि चीक म्हणजे चरस. या झाडाने दुखणे हलके होते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मग त्याचे औषध व्हायला एवढा उशीर का, असे मला अनेकजण विचारतात. माझे उत्तर एका शब्दाचे आहे : मात्रा.

विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरने कोलकात्यात हा अर्क आधी प्राण्यांना, मग संधिवाताच्या आणि धनुर्वाताच्या रुग्णांना देऊन पाहिला. १८३९ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि हे औषध युरोपात पोहोचले. पण एका बाटलीने गुण यावा, दुसरीने काहीच होऊ नये आणि तिसरीने रुग्णाला भ्रम व्हावा, असा प्रकार होई. अफूतले मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे काढता आले होते. भांगेतला टीएचसी हा मुख्य घटक शुद्ध स्वरूपात हाती येऊन त्याची रचना कळली ती १९६४ मध्ये, इस्रायलच्या राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांच्यामुळे.

१९९२ मध्ये आणखी एक उलगडा झाला. आपले शरीर स्वतःच असा पदार्थ तयार करते. त्याला नाव दिले आनंदामाइड, आपल्या 'आनंद' या संस्कृत शब्दावरून. वेदनेचा निरोप एका चेतापेशीकडून दुसरीकडे जातो, तेव्हा असे पदार्थ उलट दिशेने जाऊन निरोप धाडणाऱ्या पेशीला जणू 'आता पुरे' म्हणतात. टीएचसी त्याच जागी जाऊन बसतो. अडचण अशी, की या जागा स्मरण, तोल आणि मनःस्थिती सांभाळणाऱ्या भागांतही आहेत. म्हणून आराम आणि गुंगी हातात हात घालून येतात.

दोन्हींमधली अरुंद वाट शोधण्याचा मोठा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या जीडब्ल्यू फार्मास्युटिकल्सने निवडक झाडांच्या फांद्यांपासून एकसारखी रोपे काचघरात वाढवली आणि 'सॅटिव्हेक्स' हा तोंडात मारायचा फवारा तयार केला. एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी, म्हणजे नशा न आणणारा दुसरा घटक. रुग्णाने एकेक फवारा वाढवत आपली मात्रा ठरवायची. कॅनडाने २००५ मध्ये मल्टिपल स्क्लेरॉसिसमधील चेताजन्य वेदनेसाठी त्याला सशर्त मान्यता दिली. ब्रिटनची २०१० ची मान्यता मात्र त्याच आजारातील स्नायूंच्या ताठरपणापुरती होती. कर्करोगाच्या वेदनेवरील मोठ्या चाचण्यांत, २०१५ मध्ये, तो बनावट औषधापेक्षा सरस ठरला नाही.

मात्रा जमली तरी पुराव्याची परीक्षा उरतेच. वेदना मोजायचे यंत्र नाही. शून्य ते दहामधला आकडा रुग्णानेच सांगायचा. शिवाय गुंगी आली की आपल्याला खरे औषध मिळाले, हे तो ओळखतो आणि त्या विश्वासानेही दुखणे कमी होते. २०२१ मध्ये वेदना अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पुरावा अपुरा असल्याचे सांगून सरसकट वापराला पाठिंबा नाकारला. २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये जुनाट कंबरदुखीच्या ८२० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. नव्या अर्काने वेदना सरासरी १.९ अंकांनी उतरली, पण बनावट औषधाच्या तुलनेत फरक होता ०.६ अंकांचा. फायदा आहे, पण चमत्कार नाही.

वर्षानुवर्षे कळा सोसणाऱ्याला अर्धा अंकही मोलाचा वाटतो, हे मी जाणतो. म्हणूनच त्याची फसवणूक होऊ नये. एखादे तेल घ्यावेसे वाटले, तर त्यात टीएचसी आणि सीबीडी किती, हे आधी विचारा. चालू गोळ्या, विशेषतः झोपेच्या, डॉक्टरांना सांगा आणि परस्पर बंद करू नका. झाड तेच आहे. मोजून दिले आणि पारखून घेतले, तरच त्याला औषध म्हणायचे.